चौदाव्या पानावरचा शब्द

ही गोष्ट दोन हजार चौदा सालची. साल मला पक्कं आठवतं, कारण त्या वर्षी रमजान भर जुलैत आला होता, आणि आमच्या ऐन रुमान या गावात जुलैतल्या दुपारी बकऱ्यासुद्धा भिंतीच्या वीतभर सावलीत ओळीने उभ्या राहतात. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होते. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि ज्याचं व्याकरण सुधारावं असं घरात कोणी उरलं नव्हतं. नवरा होता तोवर त्याची पत्रं सुधारत असे. तो गेल्यावर मी औषधांच्या खोक्यांवरच्या सूचना लाल पेनाने सुधारायला लागले. हे अशासाठी सांगते की, पुढे जे झालं त्याला माझी ही खोड थोडी कारणीभूत आहे. थोडी म्हणजे सगळी.

आमचं गाव खजुरांचं. पंपाचं पाणी दोन पाटांनी बागांतून फिरतं आणि आठवड्याभरात दोनशे चौदा पाळ्या होतात. कोणाची पाळी केव्हा लागते, किती तास चालते, हे सांभाळणारा माणूस म्हणजे पाटकरी. जुलैत एक पाळी चुकली तर पुढचे आठ दिवस बाग कोरडी. डाळिंबं तडकतात, मिरच्या जळतात आणि भाऊ भावाशी बोलेनासा होतो.

आमचा पाटकरी लझहर. त्याचा बाप पाटकरी, आजा पाटकरी. तो माझ्या अगदी पहिल्या वर्गातला, एकोणीसशे त्र्याहत्तर सालच्या चौथीतला विद्यार्थी. त्या वर्षी आठ ओळींची एक कविता होती, आणि ती लझहरला वर्षभरात पाठ झाली नाही. "इहफज, लझहर, इहफज!" असं ओरडून ओरडून माझा घसा बसे. तो हाताची घडी घालून उभा राही, डोळे मिटी, पहिली ओळ म्हणे आणि थांबे. वर्ष संपलं, पण दुसरी ओळ काही आली नाही.

आता कम्प्युटरकडे येते. पाणीवाटप मंडळाला कुठल्याशा योजनेतून एक कम्प्युटर मिळाला होता. त्यात पाळ्यांची यादी ठेवायचा 'साकिया' नावाचा प्रोग्रॅम होता. तो माझ्या बहिणीच्या मुलीने, इब्तिहालने, ट्यूनिसमध्ये बसून आणखी दोघातिघांच्या मदतीने बनवलेला. हे लोक त्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणत: कोणीही फुकट वापरावं, कोणीही त्यात बदल सुचवावा, आणि राखणदारांपैकी एकाने तो तपासून आत घ्यावा. प्रोग्रॅम सुधारायला जगभरातून माणसं येत. तो कसा वापरायचा हे सांगणारी पुस्तिका लिहायला मात्र कोणी येत नसे. मग ती कोणीतरी यंत्राकडून अरबीत करून घेतली होती.

मंडळाचे अध्यक्ष तिजानी, ज्यांना सगळे आदराने 'सी तिजानी' म्हणत, यांनी रमजानच्या पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "ईदपर्यंत सगळा कारभार कम्प्युटरवर आला पाहिजे. लझहरला जमलं तर ठीक. नाही जमलं तर आमचा जावई नूरी आहेच. डिप्लोमा झालाय त्याचा." एवढं बोलून त्यांनी लझहरच्या बापाच्या हातची पाळ्यांची वही मागून घेतली. लझहरने दोन दिवसांचा अवधी मागितला, सगळी यादी कम्प्युटरवर चढवली, वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर स्वतःसाठी उतरवूनही घेतली, आणि वही दिली. ती कपाटात गेली आणि किल्ली तिजानींच्या खिशात.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण मनूबिया माझ्या दारात तणतणत आली.

"नजीबा, तुझा तो विद्यार्थी बिघडलाय. माझ्या घराच्या खिडक्या लाव म्हणतो!"

मी मंडळाच्या कचेरीत गेले. शेहेचाळीस अंश उन्हात, रोजा धरलेला, दारंखिडक्या लावून लझहर कम्प्युटरपुढे घामाने निथळत होता. पंखाही बंद.

"अरे, हे काय चाललंय?"

"बाई, पुस्तिकेत लिहिलंय," त्याने पान पुढे केलं. "'सुरुवात करण्यापूर्वी सर्व खिडक्या बंद करा.' माझ्या केल्या. गोदामाच्या केल्या. सर्व म्हणजे कुठवर ते कळेना, म्हणून समोरच्या काकूंनाही सांगून आलो."

मी पान वाचलं. अडतीस वर्षं अरबी शिकवलेल्या बाईने ते पान वाचू नये असं होतं. क्रियापदं वाऱ्यावर सोडलेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चौदाव्या पानावर, तिसऱ्या ओळीत, 'सोवगार्दे'! हा फ्रेंच शब्द अरबी अक्षरांत, अंगावर ना लाज ना स्वरचिन्हं! काम जपून ठेवण्यासाठी आमच्या भाषेत शब्दच नाही की काय?

"बाई," लझहर हळूच म्हणाला, "मला कळेल असं तुम्ही लिहाल का? तुम्ही लिहिलंत तर मी अक्षर न् अक्षर तसंच करीन. हे काम गेलं तर मी काय करणार? मला दुसरं काही येत नाही. हे तुम्हाला ठाऊकच आहे."

मला ठाऊक होतं. प्रगतिपुस्तकावर मीच लिहिलं होतं.

मी इब्तिहालला फोन केला. ती इतकी आनंदली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. "मावशी, तू देवासारखी आलीस. फक्त स्वल्पविराम बघायचे, बाकी काही नाही. मी तुला खातं उघडून देते."

पहिल्या आठवड्यात मी एकूण त्रेसष्ट चुका दुरुस्त केल्या आणि एकदम पाठवून दिल्या. दुसऱ्या दिवशी युहानी नावाच्या माणसाचं उत्तर आलं. हा पुस्तिकेचा राखणदार. राहायचा उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ देशात आणि लिहायचा पुस्तकी फ्रेंच. "आदरणीय बाईसाहेब, एका वेळी एकच बदल पाठवावा ही विनंती." म्हणून मी त्रेसष्ट वेळा पाठवलं. मग उत्तर आलं की ओळी लांब आहेत. त्या तोडल्या. मी प्रत्येक सूचनेशेजारी, कुठलं बटण दाबायचं त्याचं चित्र टाकलं होतं. युहानी म्हणाला, चित्रं फार जड आहेत, तूर्त काढावीत. काढली. मुख्याध्यापिका असताना मी इन्स्पेक्टरला एवढं ऐकून घेतलं नव्हतं.

सल्ला द्यायला मनूबिया होतीच. "सुरुवातीला प्रार्थना घाल. शिवाय कोणाचं कोणाशी नातं आहे तेही लिही, म्हणजे पाळीवरून भांडण झालं की कोणाला मध्ये घालायचं ते कळेल." ही दुसरी सूचना मला आजही त्या प्रोग्रॅममधल्या कित्येक गोष्टींपेक्षा उपयोगी वाटते.

शेवटी एकच बदल अडून राहिला. चौदाव्या पानावरचा 'सोवगार्दे' काढून मी तिथे अस्सल, भारदस्त शब्द घातला होता: 'इहफज'. जपून ठेव, राख, सांभाळ. "काम संपलं की यादी इहफज कर, मगच यंत्र बंद कर." वाक्य इतकं सुरेख बसलं होतं की मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. युहानीचं उत्तर आलं, "या बदलावर आपली सही नाही. शुद्धलेखनाला सही लागत नाही, पण शब्दच बदलायचा तर सहीशिवाय घेता येत नाही."

आता सही म्हटल्यावर माणूस काय करतो? नगरपालिकेत जातो. पक्की सही म्हणजे कारकुनासमोर केलेली, ओळखपत्र दाखवून, वर तिकीट लावून, खाली गोल शिक्का मारून घेतलेली. मी बदलाचा कागद छापून घेतला आणि रमजानच्या आखूड वेळेत रांगेत उभी राहिले. पुढे एक मोटारसायकल विकणारा, मागे एक मुलीला परगावी पाठवायची परवानगी देणारा, आणि मध्ये मी, शब्द बदलणारी.

कारकुनाने कागद वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला.

"हा जो शब्द काढायचाय, तो कोणाच्या मालकीचा?"

"कोणाच्याच नाही."

"मग काढायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

"तो सगळ्यांनाच आहे. मुक्त सॉफ्टवेअर आहे. कोणीही बदल करावा."

"कोणीही करावा?" त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग सही कशाला लागते?"

"तुम्ही शिक्का मारा," मी वर्गातल्या आवाजात म्हणाले. त्याने मारला. अस्सल काम होतं, एक काठ पुसट नाही.

कागदाचा फोटो काढून पाठवला. दोन दिवस गेले. मग युहानीचं उत्तर आलं, "आदरणीय बाईसाहेब, इतका सुंदर शिक्का मी जन्मात पाहिला नव्हता. बदल घेतला आहे. यापुढे मात्र बदलाच्या खाली नाव आणि पत्ता एका ओळीत टाईप केला तरी पुरेल." इब्तिहालला फोनवर हसताना ठसका लागला. "मावशी, अगं, नगरपालिकेत? खरंच?" मी फोन ठेवून दिला. शिक्क्याचा कागद मात्र मी मंडळाच्या कचेरीत, कम्प्युटरच्या वर भिंतीवर लावला. 'सोवगार्दे' हटवून 'इहफज' कोणी आणला, हे गावाला कळायला नको?

पुस्तिका छापून लझहरला दिली. त्याने ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घेतली, मान म्हणून माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि कामाला लागला.

त्यानंतर लझहर दिवसेंदिवस वाळत चालला. पहाटे लवकर कचेरीत जायचा, दुपारी पाटाच्या बांधावरून फिरताना ओठ हलत असायचे. कोणी सलाम केला तर हात वर करून "थांब, थांब" म्हणायचा आणि बोटं मोजत पुढे जायचा.

"दृष्ट लागलीय," मनूबिया म्हणाली. "नाहीतर प्रेमात पडलाय. माझ्या दिराचंही असंच झालं होतं, आणि त्यात दोन्ही निघालं."

सी तिजानी मशिदीच्या पायरीवर भेटले. "नजीबाबाई, तुमच्या लझहरचं काही खरं नाही. यंत्र डोक्यात गेलंय. नूरीला तयारीत राहायला सांगितलंय मी."

मी लझहरला पाटावर गाठलं. "अरे, जमतंय ना?"

"बाई, फार जड जातंय," तो म्हणाला. डोळे खोल गेले होते. "पण तुम्ही लिहिलंय तसंच करतोय. रोज. एक दिवस चुकवलेला नाही."

"शाबास," मी म्हणाले. "नेटाने कर." घरी येऊन मी समाधानाने सूप ढवळत बसले. माणसाने इतकं निश्चिंत असू नये.

ईदच्या दोन दिवस आधी, शनिवारी सकाळी, तिजानींनी कचेरीत सभा बोलावली. साठेक बागवाले आले. मी पहिल्या रांगेत, शिक्क्याच्या कागदाच्या बरोबर समोर बसले होते. तिजानींनी कम्प्युटर सुरू करायला नूरीला पुढे बोलावलं. नूरी सुस्वभावी, गोरा, थोडा झोपाळू माणूस. त्याने साकिया उघडला.

पडदा कोरा. एक पाळी नाही, एक नाव नाही.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "माझी उद्याची पाळी गेली की काय?" आणि साठ माणसं एकदम बोलायला लागली. तिजानींनी दोन्ही हात पसरले. "बघा! जवळजवळ चार आठवडे दिले. यादी कुठाय, लझहर?"

लझहर शांतपणे उभा होता. "सी तिजानी, यादी नसणारच. सकाळ आहे ना."

"म्हणजे?"

"यंत्र बंद केलं की ते सगळं विसरतं. म्हणून मी रोज पहाटे येऊन पुन्हा सगळी भरतो, दोन तास लागतात. आज तुम्ही कुलूप लावून ठेवलंत, म्हणून भरायची राहिली." मग तो माझ्याकडे वळला, चौथीतल्यासारखाच. "यंत्र विसरतं, म्हणूनच तर बाईंनी पाठ करायला सांगितलंय. चौदावं पान, तिसरी ओळ. यादी पाठ कर, मगच यंत्र बंद कर."

वाचकहो, आमच्या भाषेत 'इहफज' म्हणजे जपून ठेव. हे शब्दकोशात आहे आणि माझं काही चुकलेलं नव्हतं. पण शाळेत गेलेल्या कुठल्याही माणसाला 'इहफज' म्हणजे एकच: पाठ कर. आणि लझहरच्या कानांत तो शब्द कोणी भरला होता? मीच, त्र्याहत्तर साली, वर्षभर, ओरडून.

"कोणी लिहिला हा शब्द?" तिजानींनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत मनूबियाने बोट दाखवलं. "तो काय, भिंतीवर आहे! सहीशिक्क्यासकट."

साठ माना भिंतीकडे वळल्या, मग माझ्याकडे. माझ्या अडतीस वर्षांच्या नोकरीत माझी अशी शोभा झाली नव्हती. मी उठले. "चूक माझी आहे. लझहरने लिहिलं होतं तसंच केलं. त्याचं काम जाता कामा नये."

"मग ते फ्रेंचच काय वाईट होतं?" मागून आवाज आला. "सोवगार्दे म्हटलं असतं तर पोरालाही कळलं असतं." सगळे हसले. मी कोण बोललं ते बघून ठेवलं. अजून लक्षात आहे.

"बाई, चूक तुमची असो नाहीतर यंत्राची," तिजानी गंभीरपणे म्हणाले, "पण यादी नाही ती नाहीच. उद्यापासून नूरी..."

"यादी आहे की," लझहर म्हणाला. "बाई, तुम्ही पाठ करायला सांगितली, ती झालीय."

त्याने हाताची घडी घातली. डोळे मिटले. ही उभं राहायची पद्धत मला माहीत होती. पहिली ओळ येणार आणि मग तो थांबणार.

"पहिला पाट. शनिवार, सूर्योदय. लहबीबच्या विधवेची बाग, दीड तास. मग कालव्याखालचे हम्मादी बंधू, दोन तास, पैकी पाऊण तास धाकट्याचा. मग..."

मग दुसरी ओळ आली. तिसरी आली. कोणीतरी म्हणालं, पडताळून बघा. तिजानींना किल्ली काढावी लागली. वही नूरीच्या हातात दिली, आणि नूरी ओळीवर बोट ठेवून "बरोबर... बरोबर..." म्हणत गेला. पन्नासाव्या पाळीला लोक बसले. शंभराव्या पाळीला मनूबियाने डोळे पुसले. तिची पाळी एकशे एकवी होती आणि ती मिनिटासकट बरोबर निघाली.

"एकशे अडतीस," लझहर म्हणाला. "सी तिजानी. मंगळवार, दुपारची नमाज झाल्यावर. अडीच तास."

"बरो..." नूरी थांबला. वही डोळ्यांजवळ नेली. मग अगदी निरागसपणे म्हणाला, "सासरेबुवा, इथे तीन तास लिहिलंय. पण शाई वेगळी आहे."

वही साडेतीन आठवडे कोणाच्या कपाटात होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"माशी बसली असेल," तिजानी म्हणाले.

"अर्ध्या तासाची?" मनूबिया म्हणाली.

हसण्याचा असा लोट उठला की लझहरला डोळे उघडावे लागले. त्याने विचारलं, "मी चुकलो का?" नंतर पुन्हा डोळे मिटून त्याने उरलेल्या शहात्तर पाळ्या म्हटल्या आणि शेवटी, शाळेत म्हणत तसं, "संपलं, बाई" म्हणाला. पाटकरी कोण राहणार हा विषय त्यानंतर सभेत निघालाच नाही. नूरीने पाळ्या कम्प्युटरवर चढवल्या, एक बटण दाबलं आणि लझहरला दाखवलं. लझहरने यंत्र बंद करून पुन्हा लावलं. यादी जागेवर होती. तो "असं होय," एवढंच म्हणाला.

मी त्याच दिवशी दुरुस्ती पाठवली, नाव-पत्ता एका ओळीत, शिक्क्याविना. पण शब्द कोणता घालायचा यावर मोरोक्कोवाले एक म्हणाले, इजिप्तवाले दुसरं, आणि दोघांनी मिळून माझं व्याकरण काढलं. शेवटी 'साठवून ठेव' असं अरबीत, आणि शेजारी 'सोवगार्दे' असं ठरलं. त्या शब्दाला मी स्वतःच्या हाताने परत घरात घेतलं. ईदच्या दिवशी लझहर मिठाई घेऊन आला, तेव्हा त्याला मी नवीन ओळ दाखवली.

त्याने वाचली आणि मान हलवली. "जुनंही राहू द्या, बाई. दोन्ही ठेवा."

म्हणून चौदाव्या पानावर आता असं आहे: "काम संपलं की यादी साठवून ठेव (सोवगार्दे). जमलं तर पाठही कर." युहानीने विचारलं, दुसऱ्या वाक्याचं कारण काय? मी सगळी हकिकत लिहिली, अडीच पानं, लांब लांब ओळींत. त्याने एकही ओळ तोडायला न सांगता बदल घेतला.

आता कोणाचं काय झालं ते सांगते. इब्तिहाल लग्न करून मॉन्ट्रियलला गेली. प्रोग्रॅम लिहिते, पुस्तिका अजूनही लिहीत नाही. सी तिजानींनी त्या हिवाळ्यात तब्येतीच्या कारणाने अध्यक्षपद सोडलं आणि परगावच्या दुसऱ्या मुलीकडे राहायला गेले. तब्येत उत्तम आहे असं ऐकते. नूरीने बाजारात मोबाइलचं दुकान टाकलं. लोक त्याच्याकडे जातात कारण तो जे दिसतं तेच सांगतो. मनूबियाला जाऊन पाच वर्षं झाली. तिची डाळिंबं सून बघते, पण एकशे एकव्या पाळीला पाटावर ओरडणारं कोणी राहिलं नाही आणि मला ते सुनं वाटतं. युहानी निघाला एकाहत्तर वर्षांचा, बोटीवरचा निवृत्त स्वयंपाकी. मी आपली त्याला कोणी तरणाताठा शिष्ट समजत होते. माझ्या शिक्क्याची छापील प्रत त्याने चौकटीत लावलीय. फोटो पाठवला होता, खिडकीबाहेर बर्फ दिसत होता. पुस्तिका आता मी एकटीच राखते. दुरुस्ती पाठवणाऱ्यांना मीही सांगते, एका वेळी एकच बदल पाठवा.

लझहरने दोन वर्षांपूर्वी काम मुलीकडे दिलं. ती बटण दाबते, यादी साठवते, आणि उठण्यापूर्वी एकदा डोळे मिटून ओठ हलवते. तिला तसं करायला कोणी सांगितलेलं नाही. तिने पुस्तिका वाचलीय.

मी आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. चष्मा कुठे ठेवला ते विसरते, पण त्र्याहत्तर सालची हजेरी अजून सांगू शकते. लझहर गुरुवारी येतो, आम्ही चहा पितो, आणि तो गेला की अंगण मोठं वाटतं. परवा मी त्याला म्हटलं, "काय रे, दोनशे चौदा पाळ्या पाठ केल्यास, मग ती आठ ओळींची कविता का नाही?"

"तीत कोणाचं पाणी नव्हतं, बाई," तो म्हणाला.

मी म्हटलं, "सबब नको. उभा राहा." बासष्ट वर्षांचा माणूस चहाचा पेला खाली ठेवून उभा राहिला. हाताची घडी घातली, डोळे मिटले, पहिली ओळ म्हणाला आणि थांबला.

आणि मग दुसरी ओळ मी म्हणायला गेले, तर मलाही आठवेना.